सगळ्यांना वापरता येईल अशी बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईचे गुडघे गेले आणि तिची बाग तिच्या हातून सुटली, तिथून माझं हे सगळं सुरू झालं. आम्ही रोज सकाळी तिला खुर्चीत बसवून बाहेर न्यायचो, ती झाडांकडे बघत बसायची आणि आम्हाला वाटायचं चला, बरं वाटतंय तिला. एकदा मी खिडकीतून बघितलं तर ती खुर्चीतून वाकून समोरच्या कुंडीतलं गवताचं एक पातं उपटायचा प्रयत्न करत होती, हात पोचत नव्हता, जेमतेम चार बोटं कमी पडत होती. तिने तीनदा ट्राय केलं आणि मग हात मांडीवर ठेवून गप्प बसली. तिला बाग बघायची नव्हतीच, तिला बागेत काम करायचं होतं. तेव्हापासून मी वाचत, मोजत, चुकत, दुसऱ्यांच्या बागा करून देत जे शिकलो ते इथे लिहितोय. लोक मला परत परत हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर.

रॅम्प केला की बाग ॲक्सेसिबल झाली ना?

नाही हो. रॅम्पमुळे माणूस बागेच्या दारापर्यंत येतो, पुढे काय? घरातल्या पलंगापासून झाडाच्या मुळापर्यंत एक साखळी असते आणि त्यातली एक कडी तुटली तरी सगळं वाया जातं. उंबरा, दाराची रुंदी, कडी हाताला येते का, बाहेरचा रस्ता, वळायला जागा, वाफ्याची उंची, पाण्याचा नळ, हत्यार ठेवायची जागा, दमल्यावर बसायला काहीतरी, आणि टॉयलेट किती लांब हेसुद्धा, कारण टॉयलेट लांब असेल तर म्हातारी माणसं बागेत थांबतच नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. सगळ्यात जास्त वेळा गाडी अडते ती उंबऱ्यावर. दीड-दोन इंचाचा उंबरा आपल्याला दिसतही नाही, पण व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तिथेच थांबतात आणि वॉकरवाल्याचा पायही तिथेच अडखळतो.

सुरुवात कुठून करू? सगळी बाग उकरावी लागेल का?

अजिबात नाही, आणि कृपया तसं करूही नका. ज्यांच्यासाठी करताय त्यांना आधी विचारा की तुम्हाला बागेत नेमकं काय करायचंय. एकाला फक्त गुलाब छाटायचे असतात, एकाला बी पेरायला आवडतं, एकाला नुसतं सावलीत पडून पक्षी ऐकायचे असतात, त्या प्रत्येकाची बाग वेगळी होते. मग त्यांच्यासोबत एक फेरी मारा आणि ते कुठे थांबतात, कुठे भिंतीला हात लावतात, कुठे मागे फिरतात ते बघा, मधे बोलू नका. मग एक रस्ता, एक वाफा आणि एक बसायची जागा एवढंच करा. एक सीझन वापरून झाला की पुढचं आपोआप कळतं. मी पहिल्यांदा सगळं एका दमात केलं होतं आणि त्यातलं अर्धं परत तोडावं लागलं.

रस्ता किती रुंद आणि कशाचा हवा?

एकट्या व्हीलचेअरला कमीत कमी ९० सेंटीमीटर लागतात, पण त्यात कोपर दोन्हीकडच्या झाडांना घासतं, त्यामुळे जमेल तिथे १२० करा. दोन व्हीलचेअर एकमेकींच्या बाजूने जायच्या असतील किंवा जागेवर गोल फिरायचं असेल तर १५० सेंटीमीटर हवेत. रस्ता संपतो तिथे वळायला जागा ठेवाच, नाहीतर माणसाला सगळा रस्ता रिव्हर्समध्ये यावं लागतं. फाटकातून मोकळी जागा किमान ८० सेंटीमीटरच्या वर मिळाली पाहिजे, आणि ही मोजायची ती दार उघडून, चौकट धरून मोजली की माप चुकतं.

कशाचा म्हणाल तर टणक, सपाट आणि ओला झाला तरी न घसरणारा. सुटी खडी नको, दिसायला कितीही छान दिसली तरी नको, त्यात पुढची चाकं रुततात आणि काठीचं टोकही खाली जातं. खरखरीत फिनिशचं काँक्रीट चांगलं, पेव्हर ब्लॉक नीट बसवलेले असतील तर चांगले, बारीक चुरी ओली करून रोलरने दाबून घट्ट केलेली असेल तर तीही चालते. फटी १२-१३ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नकोत. चकचकीत टाइल्स बागेत कोणीही लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, रस्ता आडवा कलता नको. पाणी वाहून जायला थोडा कल लागतो, पण १ मीटर रुंदीला २ सेंटीमीटरच्या वर गेला की व्हीलचेअर सारखी एका बाजूला ओढली जाते आणि माणूस एकाच हाताने ढकलून ढकलून दमतो. चालणाऱ्याला हे कळतच नाही.

उतार किती चालतो?

१२ ला १ ही रॅम्पची सगळीकडे सांगितली जाणारी मर्यादा आहे, म्हणजे १ सेंटीमीटर उंचीला १२ सेंटीमीटर लांबी. पण ती मर्यादा आहे, त्यात आराम नाही, स्वतः चाक ढकलणाऱ्याचा १२ ला १ वर दम निघतो. बागेत जागा असते तर २० ला १ करा. साधी १५ सेंटीमीटरची एक पायरी घ्या, १२ ला १ ने तिला १८० सेंटीमीटरचा रॅम्प लागेल आणि २० ला १ ने ३ मीटरचा. १२ ला १ चा रॅम्प लांब असेल तर साधारण ७५ सेंटीमीटर चढ झाला की मधे सपाट जागा हवी, थांबायला. कठडा ८५ ते ९५ सेंटीमीटरच्या मधे आणि मुठीत नीट मावेल असा गोल हवा. आणि पायऱ्या असतील तर त्या काढून टाकू नका! काही लोकांना, विशेषतः गुडघ्याचं किंवा घोट्याचं ऑपरेशन झालेल्यांना, उतारापेक्षा कठडा धरून पायऱ्या सोप्या जातात. दोन्ही ठेवा.

उंच वाफे किती उंच करायचे? प्रत्येक जण वेगळं सांगतो

कारण माणसं वेगळी आहेत. एक उंची सगळ्यांना चालते हे डोक्यातून काढा.

उभं राहता येतं पण वाकता येत नाही अशांना ७५ ते ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण कमरेएवढा. व्हीलचेअर वाफ्याला समांतर लावून कुशीकडून काम करणार असतील तर ६० च्या आसपास. लहान मुलांना ३० ते ४५. आणि ज्यांना टेकून बसायला आवडतं त्यांच्यासाठी ४५ सेंटीमीटरचा वाफा करून त्याची कड चांगली फूटभर रुंद ठेवली की वाफाच बाक होतो. आईसाठी शेवटी हेच केलं. ती कडेवर बसते, एक हात मागे टेकते आणि दुसऱ्या हाताने खुरपते.

उंचीपेक्षा लोक जास्त चुकतात रुंदीत. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर ६० सेंटीमीटर, दोन्हीकडून पोचणार असेल तर १२० पर्यंत, बस. त्यापुढे लावलेलं झाड हे दुसऱ्याने जपायचं झाड होतं, मी सुरुवातीला सांगितली ती चार बोटं इथेच कमी पडतात. बांधायच्या आधी नुसती टेपने मोजू नका, त्या माणसाला बसवा, समोर टेबल ठेवा, खांदा न ताणता हात कुठपर्यंत जातो तिथे खडूने रेघ मारा. ती रेघ म्हणजे तुमची रुंदी. मुलांचे हात अजूनच छोटे, त्यांना ४५-५० च्या पुढे देऊ नका.

व्हीलचेअर समोरून आत घालायची असेल तर टेबलासारखा वाफा लागतो, खाली गुडघ्यांना जागा. ही जागा ७० सेंटीमीटर उंच आणि ७५-८० रुंद हवी. आता अडचण बघा, खाली ७० गेले आणि वर फूटभर माती टाकली की वाफ्याची कड बसलेल्या माणसाच्या छातीला येते आणि हात वर धरून काम करावं लागतं, पाच मिनिटांत खांदे भरून येतात. म्हणून पुढच्या बाजूला माती १५ सेंटीमीटरच ठेवायची आणि मागे तळ खाली उतरवून खोली वाढवायची. पुढे पालेभाज्या, पुदिना असलं उथळ मुळांचं आणि मागे मोठं. उथळ माती लवकर वाळते हे लक्षात ठेवा, पाणी जास्त वेळा लागतं, भाजीपाल्याच्या कचऱ्याचं खत किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलं की ओल जरा टिकते.

टेबल करायचं नसेल तर साध्या वाफ्याच्या तळाशी वीतभर उंचीची खाच आत घ्या, पावलं आत जातात आणि माणूस उभा असो की बसलेला, तेवढाच जवळ येतो. छोटीशी गोष्ट आहे पण फरक खूप पडतो.

हे उंच वाफे गच्चीवर ठेवले तर?

आधी इंजिनिअरला दाखवा, मग ठेवा. १२० बाय ६० चा, ६० सेंटीमीटर उंच वाफा ओल्या मातीने भरला की सहज अर्ध्या टनाच्या वर जातो. गच्चीवर खालून पोकळ टेबल-वाफे आणि हलकं मिश्रण हेच बरं.

हातात जोर नाही, बोटं वळत नाहीत. कुठली हत्यारं घेऊ?

महागडं काही घ्यायच्या आधी आहे त्याची मूठ जाड करा. पाइपवर चढवायचं फोमचं कव्हर मिळतं, त्याचा तुकडा खुरप्याच्या मुठीवर बसवायचा आणि वरून टेप. संधिवातात बारीक मूठ घट्ट आवळणं सगळ्यात जास्त दुखतं, जाड मूठ सैल हातानेही धरता येते. छाटायला रॅचेटवाली कात्री घ्या, ती एकाच फांदीला थोडं थोडं करून तीन-चार दाबांत कापते, एकदम जोर लावावा लागत नाही. मनगट वाकवून काम होत असेल तर मूठ बदला, मनगट सरळ राहिलं पाहिजे.

पक्षाघातानंतर एकच हात चालत असेल तर दोन हातांच्या कामाचं एक टोक फिक्स करायचं, म्हणजे कुंडी खाली न घसरणाऱ्या रबरी मॅटवर ठेवायची, बियांचं पाकीट क्लिपमध्ये अडकवायचं. बारीक बी बोटांनी उचलत नसेल तर कोरड्या वाळूत मिसळून पेरा.

हत्यारांच्या मुठी लाल किंवा पिवळ्या रंगवा, गवतात पडली तरी दिसतात. आणि प्रत्येक हत्याराला दोरी बांधून मनगटात अडकवा, कारण खाली पडलेलं खुरपं उचलायला कोणालातरी हाक मारावी लागणं, दिवसातून दहादा, याने माणूस काम सोडून देतो. दुखण्याने कमी आणि हाका मारून मारून जास्त.

पाणी घालणं फार जड जातं

जाणारच, १० लिटरची झारी म्हणजे १० किलो वजन आणि वर झारीचं. २ लिटरची घ्या, फेऱ्या जास्त होतील पण होतील तरी. नळ जमिनीजवळ नको, ६० सेंटीमीटर ते १ मीटरच्या मधे हवा आणि फिरवायच्या चावीऐवजी दांडीवाला हवा, जो कोपराने किंवा मुठीने ढकलता येतो. पाइप रस्त्यात आडवा पडलेला असेल तर तो पाडतोच कोणालातरी, गुंडाळायचं रीळ भिंतीवर लावा. ठिबक लावलं तर उत्तमच, पण एक-दोन कुंड्या हाताने पाणी घालायला राखून ठेवा, कारण बऱ्याच जणांना पाणी घालणं हेच आवडतं काम असतं.

दिसत नाही किंवा कमी दिसतं अशांसाठी काय करता येईल? सुगंधी झाडं लावली की झालं का?

सुगंध छानच, पण सगळीकडे सुगंध केला तर काहीच कळत नाही. वास हा पाट्यांसारखा वापरा. वळणावर मोगरा, बाकाजवळ गवती चहा, नळापाशी पुदिना, असं ठरलेल्या जागी एक एक, म्हणजे वासावरून माणसाला कळतं मी कुठे आलो. आवाजाचंही तसंच, एका कोपऱ्यात बांबू, एका कोपऱ्यात पाण्याची बारीक धार. पायाखालचं बदललं तरी कळतं, रस्ता काँक्रीटचा आणि चौकात विटा, काठीचा आवाजच बदलतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन-चार इंच उंच कड ठेवली की काठी त्या कडेने चालते आणि चाकही खाली उतरत नाही.

आता धोक्याचं. पांढरी काठी जमिनीवरच्या आणि साधारण ७० सेंटीमीटरच्या आतल्या वस्तू ओळखते, त्याच्या वरचं काठीला लागतच नाही, सरळ छातीला किंवा तोंडाला लागतं. म्हणून लटकत्या कुंड्या, भिंतीतून बाहेर आलेले हूक, खाली आलेल्या फांद्या, रस्त्यावर २ मीटरच्या खाली काही नको. गुलाब, बोगनवेल असलं काटेरी रस्त्यापासून हातभर आत. आणि एकदा ठरलेली बाकाची, कुंडीची जागा न सांगता बदलायची नाही, डोळस लोक हे फार सहज करतात.

कमी दिसणाऱ्यांसाठी रंगांचा फरक वापरा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळा-जांभळा ओळखायला कठीण जातो, पिवळा, केशरी, पांढरा चटकन दिसतो. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा. झाडांच्या पाट्या मोठ्या, उठावदार अक्षरांच्या करा आणि सोबत ब्रेल, नुसतं ब्रेल पुरत नाही, कारण दृष्टी गेलेल्या प्रत्येकाला ब्रेल येतंच असं नाही, विशेषतः उतारवयात दृष्टी गेलेल्यांना.

घरात डिमेन्शिया असलेलं माणूस आहे. बाग सुरक्षित कशी करू?

रस्ता गोल करा, जिथून निघाला तिथेच परत आणणारा. संपणारा रस्ता आला की ते गोंधळतात, कधी घाबरतात. पायाखालचा रंग शक्यतो एकसारखा ठेवा, हलक्या रंगाच्या फरशीत मधेच काळा पट्टा असला की तो त्यांना खड्डा वाटतो आणि पाय पुढे पडत नाही, चमकणारी फरशी ओली वाटते. बाहेरच्या रस्त्याचं फाटक वेलीने झाकून कुंपणाच्याच रंगाचं केलं की तिकडे लक्ष कमी जातं. आणि त्यांच्या तरुणपणीच्या अंगणात जी झाडं होती ती लावा. ओळखीच्या गोष्टी हाताला लागल्या की कधी कधी शब्द परत येतात. माझ्या एका नातेवाईकांना माझं नाव आठवत नव्हतं पण पारिजातकाची फुलं वेचताना त्यांनी आपणहून पदर पुढे केला, अगदी अलगद.

ऑटिझम असलेल्या मुलाला बागेतला गोंगाट सहन होत नाही

तीन बाजूंनी बंद असा एक शांत कोपरा ठेवा, जिथून बाकीचं सगळं दिसतं पण कोणी अंगावर येत नाही. बांबूखाली, झुडपांच्या मधे, एक झुला टाकला तर अजून चांगलं. काम सांगताना चित्रांचे क्रमवार कार्ड वापरा, आधी माती, मग बी, मग पाणी. चिखलाचा स्पर्श नको असेल तर हातमोजे द्या, जबरदस्ती नको.

लहान मुलं आणि विषारी झाडं?

कण्हेर पूर्ण विषारी, पिवळी कण्हेर तर फारच. धोत्रा, एरंडाच्या बिया, गुंजा (लाल-काळ्या, मुलांना उचलाव्याशाच वाटतात), घरातलं डिफेनबेकिया, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. हे सगळं काढून टाका. डिमेन्शियामध्येही माणसं हाताला येईल ते तोंडात घालतात, तेव्हा हा नियम फक्त मुलांचा समजू नका. पाण्याचं म्हणाल तर लहान मूल दोन-चार इंच पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे उघडं टाकं, बादली काही नको, आणि लहान मुलांवर नजर हवीच, कुठलंही कुंपण त्याची जागा घेत नाही.

बसायला कसं हवं?

४५ सेंटीमीटरच्या आसपास उंच, पाठीला टेकू आणि दोन्हीकडे हात, कारण उठताना हातावर जोर द्यावा लागतो. दर २५-३० मीटरवर एक. बाकाच्या शेजारी ९० सेंटीमीटरची सपाट मोकळी जागा सोडा, म्हणजे व्हीलचेअरवाला मित्राच्या बाजूला बसतो, रस्त्याच्या मधोमध नाही.

उन्हाचं काय?

हे फार महत्त्वाचं आहे आणि कोणी बोलत नाही. पाठीच्या कण्याला वरच्या बाजूला इजा झालेली असेल तर इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, शरीर तापतं आणि माणसाला उशिरा कळतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारात उकाड्याने लक्षणं वाढतात. म्हणून मुख्य वाफा सावलीला लागून, हाताशी पाणी, आणि काम सकाळी लवकर. पायाला संवेदना नसतील किंवा मधुमेहाने कमी झाल्या असतील तर तापलेला लोखंडी बाक नको, लाकडी घ्या, आणि अनवाणी अजिबात नको, काटा रुतलेला दोन दिवसांनी जखम झाल्यावर दिसतो. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचंच वेळेवर हवं.

याचा खरंच उपयोग होतो की नुसतं मनाचं समाधान?

१९८४ मध्ये रॉजर उलरिच यांचा अभ्यास छापून आला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामक कमी लागली. अभ्यास छोटा होता, एकाच हॉस्पिटलचा, तेव्हा बाग म्हणजे औषध असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, गोळ्या चालूच ठेवा. पण मला यातून एक वाटतं, नुसतं काचेतून बघून एवढं होत असेल तर माती हातात घेऊन किती होईल.

सार्वजनिक बागेच्या कमिटीला सांगितलं तर म्हणतात, इथे व्हीलचेअरवाले येतच नाहीत

येत नाहीत कारण येता येत नाही. फाटकाला आडवे खांब, पुढे तीन पायऱ्या, कोण येणार? त्यांना सांगा की बाबागाडीवाली आई, प्लास्टर घातलेला मुलगा, सामानाची ढकलगाडी आणणारा माळी, सगळे तोच सपाट रस्ता वापरतात. रॉन मेस नावाचे अमेरिकन आर्किटेक्ट होते, लहानपणी पोलिओ झाला आणि व्हीलचेअर वापरायचे, त्यांनी युनिव्हर्सल डिझाइन हा विचार मांडला आणि १९९७ मध्ये त्यांच्या टीमने त्याची ७ तत्त्वं लिहून काढली. सार एवढंच की मुळातच सगळ्यांसाठी करा, नंतर जोडत बसू नका. आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्याच्या ३० व्या कलमात विरंगुळा आणि करमणुकीच्या जागांमध्ये बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क लिहिलेला आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाहीये. पत्र लिहाल तेव्हा हे लिहा आणि सोबत अडलेल्या जागेचा मापासह फोटो जोडा, मापाला उत्तर द्यावं लागतं.

मदत किती करायची? मी सगळं करून देतो तर बाबा चिडतात

बरोबर चिडतात. विचारल्याशिवाय हातातलं खुरपं घेऊ नका. अवजड तेवढं तुम्ही करा, माती भरणं, कुंडी हलवणं, आणि काय लावायचं, कुठे लावायचं, कधी छाटायचं हे त्यांना ठरवू द्या. ओळ वाकडी झाली तर वाकडीच राहू दे, रात्री जाऊन सरळ करू नका, त्यांना कळतं. आई आता कुठलं रोप कुठे हे मला सांगते आणि मी चुकीचं लावलं तर उपटायला लावते.

एकदा केलं की नंतर काही बघावं लागतं का?

लागतं. रस्त्यावरचं शेवाळ ताठ ब्रशने घासून काढा, मुळांनी उचललेले ब्लॉक परत बसवा, वाढलेल्या फांद्या २ मीटरच्या वर छाटा, कठड्याचे स्क्रू हलवून बघा. आणि माणसंही बदलतात, मागच्या वर्षी उभं राहून काम करणारा यंदा बसून करतो, मुलं दोन वर्षांत त्यांच्या वाफ्याला मोठी होतात. तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा एकदा त्यांच्यासोबत फेरी मारा आणि खडू बरोबर घ्या.